प्रतिमेला काय विचारावे: खेळाडूंच्या मांडीच्या दुखापतींवरील पुस्तकाची प्रस्तावना

युरोपातल्या आघाडीच्या फुटबॉल क्लबांमधील दुखापतींची पद्धतशीर नोंद २००१ सालापासून ठेवली जात आहे. या नोंदींनुसार २००१–०२च्या हंगामात एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूच्या स्नायूंच्या दुखापतींचा वाटा १२ टक्के होता. २०२१–२२च्या हंगामात तो २४ टक्के झाला. ज्या वीस वर्षांत हा वाटा दुप्पट झाला, त्याच वीस वर्षांत मांडीच्या आत डोकावण्याची साधने पूर्वी कधी नव्हती इतकी सूक्ष्म झाली. या क्लबांना पैशाची वाण नाही. खेळाडू लंगडत बाहेर आला की एक-दोन दिवसांत त्याचा एमआरआय होतो. एमआरआय काही दुखापत टाळण्यासाठी काढत नाहीत, तेव्हा दुखापती वाढल्याचा दोष यंत्राला देणे अन्यायाचे होईल. सामन्यांची दाटी आणि खेळाचा वाढता वेग यांचा विचार तिथे आधी करावा लागतो. तरीही या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न टाळता येत नाही. इतके स्पष्ट दिसू लागल्यावर त्या दिसण्यातून आपण नेमके काय मिळवतो आहोत, आणि जे मिळवू पाहतो ते देण्याची ताकद त्या प्रतिमेत आहे का?

बहुतेक वेळा आपण प्रतिमेकडे एकच गोष्ट मागतो: दिवसांचा आकडा. खेळाडू, प्रशिक्षक, पालक, संघाचे व्यवस्थापक आणि बातमीदार या सगळ्यांना रिपोर्टमधून जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की टेअर कितव्या ग्रेडचा आहे आणि खेळाडू मैदानात कधी उतरणार. या पुस्तकाच्या निमित्ताने मला जे म्हणायचे आहे ते असे, की प्रतिमेला विचारण्याजोग्या प्रश्नांपैकी हा सर्वांत दुबळा प्रश्न आहे. इजा नेमकी कुठे झाली आणि कशाला झाली, स्नायूच्या तंतूंना, त्यांच्यावरच्या आवरणाला, कंडरेला की हाडाला, या प्रश्नाचे उत्तर प्रतिमा फार चांगले देते. त्या उत्तरावरून उपचारांची दिशा ठरते. दिवस मात्र खेळाडूच्या बरे होण्याच्या वाटचालीवरून, त्याला पुनःपुन्हा तपासून ठरवावे लागतात. जागा आणि ऊती आधी, आकडा सर्वांत शेवटी, हा क्रम मला आग्रहाने मांडायचा आहे. पुस्तकाची रचनाही त्याच क्रमाने आहे: आधी शरीररचना, मग प्रतिमांची तंत्रे, मग एकेका स्नायुगटाच्या दुखापती आणि अखेरीस बरे होण्याचा काळ.

शरीररचनेने सुरुवात करण्याचे कारण साधे आहे. आपण मांडीचा मागचा स्नायू असे एकवचनात बोलतो, पण तिथे तीन स्नायू असतात. बाहेरच्या अंगाला बायसेप्स फिमोरिस, आतल्या अंगाला सेमिटेंडिनोसस आणि त्याच्याखाली खोलवर सेमिमेम्ब्रेनोसस. बायसेप्सला पुन्हा दोन शीर्षे. लांब शीर्ष आपण ज्या हाडावर बसतो त्या हाडापासून निघते, तर आखूड शीर्ष मांडीच्या हाडाच्या मागच्या कडेपासून. लांब शीर्ष आणि सेमिटेंडिनोसस यांचा उगम एका सामाईक कंडरेतून होतो. सेमिमेम्ब्रेनोससची कंडरा मात्र तिच्या पुढे आणि बाहेरच्या बाजूला स्वतंत्रपणे हाडाला चिकटलेली असते. आखूड शीर्ष सोडले तर हे सारे स्नायू खुबा आणि गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातात. बायसेप्सच्या दोन शीर्षांना आज्ञा पोहोचवणारे सायटिक नसेचे भागही वेगवेगळे आहेत. म्हणजे एकाच नावाखाली नांदणाऱ्या या स्नायूंवर धावताना सारखा भार पडत नाही. वेगाने धावणारा पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या बेतात असतो, त्या क्षणी खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ होत असतो. स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी पायाचा वेग आवरण्यासाठी पूर्ण जोरानिशी आवळलेलाही असतो. लांब होता होता आवळण्याचा हा भार बायसेप्सच्या लांब शीर्षावर फार येतो. धावपटू आणि फुटबॉलपटूंमध्ये सर्वाधिक इजा याच शीर्षाला होते, त्याचे उत्तर या रचनेत आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर स्पष्ट असावी लागते. मध्ये लाल मांस आणि दोन टोकांना पांढऱ्या दोऱ्या, असे स्नायूचे चित्र शाळेच्या पुस्तकांतून आपल्या मनात ठसलेले असते. मांडीच्या बाबतीत ते दिशाभूल करते. हॅमस्ट्रिंगच्या कंडरा हाडापासून निघाल्यावर स्नायूच्या आत खोलवर उतरतात; वरची कंडरा खाली आणि खालची कंडरा वर इतकी लांब पसरते, की काही स्नायूंत त्या एकमेकींच्या पातळीपलीकडे जातात. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी केसर चिकटलेले असावेत, तसे स्नायुतंतू या आतल्या कंडरेला तिरके येऊन मिळतात. तंतू आणि कंडरा जिथे जुळतात तोच सांधा ताणाखाली आधी तुटतो, आणि हा सांधा स्नायूच्या जवळजवळ संपूर्ण लांबीभर पसरलेला असतो. म्हणून मांडीच्या मधोमध दुखणाऱ्या खेळाडूची इजा फक्त मांसात आहे असे गृहीत धरता येत नाही. तिथेही कंडरा सापडू शकते. पुढच्या बाजूचा रेक्टस फिमोरिस याचे उत्तम उदाहरण आहे. क्वाड्रिसेप्सच्या चार स्नायूंपैकी खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडणारा हा एकटाच. त्याचे सरळ शीर्ष कटीच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यावरून निघते, तर वळलेले शीर्ष खुब्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवरून. वळलेल्या शीर्षाची कंडरा स्नायूच्या पोटात शिरून बरीच खाली जाते, त्यामुळे एका स्नायूत दुसरा स्नायू बसवलेला असावा अशी रचना तयार होते. चेंडूला जोराची लाथ मारताना ही आतली कंडरा दुखावली, तर एमआरआयच्या आडव्या छेदात तिच्याभोवती उजळ कडे दिसते. रेडिओलॉजिस्ट त्याला बुल्स आय म्हणतात. हातांनी तपासताना मात्र फक्त मांडीच्या पुढे दुखते एवढेच कळते. जांघेकडच्या स्नायूंत बहुतेक इजा ॲडक्टर लाँगसला होतात आणि त्या झटक्यात दिशा बदलणाऱ्या, पाय लांबवणाऱ्या खेळांमध्ये दिसतात.

या रचनेकडे पाहण्याची मुख्य साधने दोन आहेत. सोनोग्राफीत उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी स्नायूंच्या थरांवरून परततात आणि त्यातून चित्र उमटते. तिचे मोठे बळ असे, की खेळाडूला पाय हलवायला सांगून, स्नायू आवळायला लावून त्याच क्षणी आत काय होते ते पाहता येते. दुखणाऱ्या जागेवरच प्रोब टेकवता येतो, साकळलेले रक्त दिसले तर सुई घालून ते काढता येते, आणि दुसऱ्या पायाशी लगेच तुलनाही करता येते. तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. चित्राचा दर्जा तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, प्रोबचा कोन जरा चुकला तर निरोगी कंडराही काळी, म्हणजे फाटल्यासारखी दिसते, आणि भरदार मांडीत बसण्याच्या हाडाजवळची खोल कंडरा तिला नीट गाठता येत नाही. एमआरआय शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून, म्हणजे मुख्यतः पाणी आणि चरबी यांच्याकडून संदेश गोळा करतो. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या तत्त्वावर चित्र मिळवण्याची पद्धत मांडली; पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंच्या दुखापतीत चरबीचा संदेश दाबून टाकणाऱ्या चित्रांवर भर असतो, कारण त्यांत पाणी जिथे साठले आहे ती जागा चमकते. ही संवेदनक्षमता विलक्षण आहे आणि गैरसमजाचे मूळही तिच्यातच आहे. चमक म्हणजे पाणी. चमक म्हणजे फाटणे नव्हे. अंगवळणी न पडलेला कठोर व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तेव्हाही एमआरआयमध्ये स्नायू उजळ दिसतो. मुका मार लागला तरी उजळतो. कोणत्या चमकेमागे तंतूंची तूट आहे हे ठरवायला तंतूंची आणि कंडरेची अखंडता वेगळी तपासावी लागते. दुखापत धावताना झाली, ताणताना झाली की गुडघा लागून, हेही खेळाडूला विचारावे लागते.

दुखापत कशी झाली या माहितीचे मोल स्वीडनमधल्या कार्ल आस्कलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने फार स्वच्छपणे दाखवले. त्यांनी वेगाने धावताना हॅमस्ट्रिंग दुखावलेले १८ धावपटू आणि पाय टोकापर्यंत ताणताना दुखावलेले १५ नर्तक यांचा पाठपुरावा केला. धावपटूंची इजा मुख्यतः बायसेप्सच्या लांब शीर्षात होती. नर्तकांची बसण्याच्या हाडाजवळ, सेमिमेम्ब्रेनोससच्या मोकळ्या कंडरेत. सुरुवातीला धावपटूंची अवस्था अधिक वाईट दिसत होती, त्यांची ताकद आणि लवचीकता अधिक घटली होती. तरी पूर्वीच्या पातळीवर परतायला धावपटूंना लागलेल्या काळाचा मध्यांक १६ आठवडे होता आणि नर्तकांचा ५० आठवडे. पहिल्या दिवशी कमी लंगडणारा माणूस दीर्घकाळ अडकला, कारण त्याची इजा वेगळ्या ऊतीत होती. दोन्ही गटांना हॅमस्ट्रिंग स्ट्रेन हे एकच नाव देऊन एकच व्यायाम लावून दिला असता, तर नर्तकांना आपण का बरे होत नाही हे कुणी सांगू शकले नसते. प्रतिमेचे खरे काम इथे दिसते. तिने जागा सांगितली, आणि जागेने दुखापतीचा स्वभाव सांगितला.

ग्रेडच्या पद्धतींचे वळण मात्र दुसरीकडे गेले. सुजेपुरती मर्यादित इजा पहिल्या ग्रेडची, तंतू अर्धवट तुटले तर दुसऱ्या आणि पूर्ण तुटले तर तिसऱ्या ग्रेडची, ही विभागणी सोपी असल्यामुळे सर्वत्र रुजली. यान एकस्ट्रांड यांच्या गटाने युरोपातल्या २३ व्यावसायिक संघांच्या एमआरआयवर आधारलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जवळपास ७० टक्के दुखापतींत तंतू तुटल्याची खूण दिसली नाही, म्हणजे त्या शून्य, म्हणजे प्रतिमेत काहीच न दिसणाऱ्या, किंवा पहिल्या ग्रेडच्या होत्या. आणि तरीही खेळाडू मैदानाबाहेर राहिले त्या दिवसांपैकी अर्ध्याहून अधिक दिवस याच सौम्य गणल्या गेलेल्या दुखापतींच्या खात्यावर जमा झाले. ग्रेड आणि सूज यांच्यापलीकडे पाहण्याची गरज त्यानंतर अनेकांना जाणवली. २०१४ साली ब्रिटिश ॲथलेटिक्सशी संबंधित डॉक्टरांनी मांडलेल्या वर्गीकरणात शून्य ते चार या आकड्यांना ए, बी आणि सी ही अक्षरे जोडली गेली: आवरणालगतची इजा ए, स्नायू आणि कंडरा जुळतात तिथली बी, आणि कंडरेच्या आतपर्यंत गेलेली सी. आकड्यापेक्षा अक्षर मला महत्त्वाचे वाटते, कारण अक्षर जागा सांगते. म्युनिक आणि बार्सिलोनाच्या गटांनीही आपापली वर्गीकरणे मांडली. त्यांतही आकारासोबत जागा आणि रचना यांना स्थान मिळाले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. एकस्ट्रांड यांच्याच अभ्यासात ग्रेड वाढत गेला तसे दिवसही वाढत गेले: शून्य ग्रेडला सरासरी ८ दिवस, पहिल्याला १७, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला ७३. मग दिवसांचा अंदाज प्रतिमेवरून करता येत नाही असे कसे म्हणायचे? उत्तर त्या सरासरींच्या शेजारी छापलेल्या आकड्यांत आहे. पहिल्या ग्रेडचे १७ दिवस अधिक-उणे १० आहेत, दुसऱ्याचे २२ अधिक-उणे ११, तिसऱ्याचे ७३ अधिक-उणे ६०. शंभर खेळाडूंच्या गटाबद्दल बोलायचे तर फरक खरा आहे. समोर बसलेल्या एका खेळाडूबद्दल बोलायचे तर पहिल्या आणि दुसऱ्या ग्रेडच्या मर्यादा एकमेकींत इतक्या मिसळतात, की त्यांवरून सामन्याची तारीख देणे म्हणजे अंदाजाला प्रमाणपत्राचा कागद चिकटवणे होय. कतारमध्ये १८० पुरुष खेळाडूंवर झालेला, २०१५ साली आर्नलॉग वांगेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास याहून स्पष्ट बोलतो. खेळाडूची हकीकत आणि हातांनी केलेली तपासणी यांवरून परतण्याच्या काळातील सुमारे २९ टक्के तफावत उलगडता आली. एमआरआयची माहिती जोडल्यावर त्यात तीन टक्क्यांहूनही कमी भर पडली. उरलेली जवळपास ७० टक्के तफावत पहिल्या दिवशीच्या कोणत्याच तपासणीला पकडता आली नाही. ती पुढच्या दिवसांत घडते: खेळाडू व्यायाम कसा करतो, वेदना कशी ओसरते, वेग कसा वाढवला जातो, यांत.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. ग्रेड सोडून द्या, पण आतली कंडरा तुटली असेल तर काळ नक्कीच लांबतो, तेव्हा तुमच्याच म्हणण्याप्रमाणे जागेवरून दिवस सांगता येतात, असे कुणी म्हणेल. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने २०१३ साली तसे दाखवले होते: बायसेप्सची मधली कंडरा तुटलेल्या खेळाडूंचा बरे होण्याचा मध्यांक ७२ दिवस, न तुटलेल्यांचा २१. पण त्यातले खेळाडू थोडे होते. २०१८ साली नेदरलँड्स आणि कतारमधल्या अधिक खेळाडूंचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा कंडरा पूर्ण तुटलेल्यांना सरासरी ३१ ते ३२ दिवस आणि कंडरा शाबूत असलेल्यांना २२ दिवस लागले, आणि दोन्ही गटांच्या मर्यादा पुन्हा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. या विसंगतीत एक धडा आहे. कंडरा तुटली आहे असे रिपोर्टमध्ये वाचलेला डॉक्टर खेळाडूला जपून, सावकाश पुढे नेतो. मग काळ लांबतो आणि लांबलेला काळ रिपोर्ट खरा ठरवतो. भाकीत स्वतःच स्वतःला खरे करते. तरीही कंडरेची इजा दुर्लक्षावी असा याचा अर्थ होत नाही. ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या खेळाडूंमध्ये सी गटातल्या इजांना परतायला अधिक वेळ लागला आणि त्या पुन्हा उसळण्याचे प्रमाणही अधिक आढळले. म्हणून कंडरेचा उल्लेख रिपोर्टमध्ये असलाच पाहिजे. त्यावरून व्यायामाचा भार कोणत्या क्रमाने वाढवायचा आणि पूर्ण वेगाने धावण्याआधी काय तपासायचे हे ठरते. तारीख मात्र ठरत नाही.

शेवटच्या टप्प्यावर प्रतिमेचा दुरुपयोग अधिक नुकसान करतो. खेळाडूला वेदना नाही, ताकद परत आली, पूर्ण वेगाने धावून झाले, आणि तरी कुणीतरी म्हणते, एकदा एमआरआय स्वच्छ येऊ द्या. गुस्ताफ र्यूरिंक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली, बरे होऊन खेळायला सज्ज झालेल्या ५३ खेळाडूंचे एमआरआय तपासले. त्यांपैकी ८९ टक्के खेळाडूंच्या स्नायूत अजूनही उजळपणा होता. प्रतिमा स्वच्छ होण्याची वाट पाहायची ठरवली असती, तर दहांतले जवळपास नऊ सक्षम खेळाडू कारणाशिवाय बसून राहिले असते. ऊती भरून येण्याचा वेग आणि काम करण्याची क्षमता परतण्याचा वेग हे दोन वेगळे हिशेब आहेत. लोकांना आकडा हवा असतो हे समजण्यासारखे आहे, पण आकडा किती तकलादू असतो हे आपल्या क्रिकेटमध्येही दिसले. के. एल. राहुल यांच्या उजव्या मांडीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ते संघात परतले. २०२४च्या जानेवारीत हैदराबाद कसोटीनंतर त्यांच्या उजव्या क्वाड्रिसेप्समध्ये वेदना सुरू झाली. फेब्रुवारीत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ते ९० टक्के तंदुरुस्त असल्याचे जाहीर केले, तरी त्याच मालिकेतल्या मार्चमधल्या पाचव्या कसोटीतही ते खेळू शकले नाहीत. यात कुणाचीही चूक शोधण्याचे कारण नाही. देशातली उत्तम वैद्यकीय व्यवस्था पाठीशी असतानाही मांडी टक्क्यांच्या आणि तारखांच्या हिशेबात बसत नाही, एवढेच यातून घ्यायचे.

आता उलट बाजूचा आक्षेप. दिवस सांगता येत नाहीत, उजळपणा फसवतो, तर मग प्रतिमा हवीच कशाला? अनुभवी हात पुरेसे नाहीत का? पुष्कळ साध्या दुखापतींत ते खरोखर पुरेसे असतात, आणि प्रत्येक लचकेसाठी एमआरआय काढू नये हे मी ठामपणे म्हणेन. पण काही ठिकाणी हातांना भिंत लागते, आणि तिथे प्रतिमा न काढणे ही गंभीर चूक ठरते. बसण्याच्या हाडावरून कंडरा मुळापासून उपटली गेली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार पहिल्या काही आठवड्यांतच करणे हिताचे असते. नंतर उपटलेले टोक वर खेचून घेणे अवघड होते आणि सायटिक नस व्रणात अडकू शकते. मांडीच्या मागे पसरलेले काळे-निळेपण पाहून अनुभवी डॉक्टरला शंका येते, पण किती कंडरा सुटल्या आणि टोक किती खाली सरकले हे चित्रच सांगते. वाढत्या वयातल्या मुलांत कंडरेपेक्षा हाडाची वाढीची जागा कमकुवत असते. चौदा-पंधरा वर्षांचा धावपटू शर्यतीत मांडी धरून कोसळतो, तेव्हा स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच सुटून आलेला असू शकतो, आणि एक साधा एक्स-रे ते दाखवतो. लांब पल्ल्याच्या धावपटूची कुरकुरणारी मांडी कधी स्नायूची नसून मांडीच्या हाडातल्या ताणजन्य भेगेची असते. ही भेग सुरुवातीला एक्स-रेतही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते, आणि मालिश करत धावत राहिलेल्या खेळाडूचे हाड पूर्ण मोडू शकते.

याच यादीतली एक अवस्था प्रतिमा केव्हा काढली आणि तिच्यासोबत कोणती माहिती दिली याचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दाखवते. मांडीच्या पुढच्या भागाला जबर मुका मार लागला की काही खेळाडूंत साकळलेल्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाड तयार होऊ लागते. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेत काहीच नसते आणि एमआरआयमध्ये मात्र सुजेने वेढलेली, भीतिदायक दिसणारी गाठ असते. मार लागल्याची हकीकत रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचली नाही, तर तिला कर्करोगाची गाठ समजण्याचा धोका असतो. त्या टप्प्यावर बायोप्सी घेतली तर सूक्ष्मदर्शकाखाली वेगाने वाढणाऱ्या पेशी हाडाच्या कर्करोगाचा आभास निर्माण करू शकतात. काही आठवडे थांबून पुन्हा एक्स-रे काढला, की बाहेरच्या कडेने पक्के होत जाणारे हाडाचे कवच दिसते आणि निदान पक्के होते. उलट, मार लागल्याचे आठवतच नाही आणि गाठ वाढत आहे, अशा तरुणाला केवळ स्नायू दुखावलाय असे समजून महिनोन्‌महिने शेकत ठेवणेही तितकेच घातक. दोन्ही चुकांचे मूळ एकच: प्रतिमा आणि हकीकत यांची ताटातूट.

खर्चाचा प्रश्नही बाजूला ठेवता येणार नाही. युरोपातल्या क्लबांचे आकडे वाचताना आपल्याकडच्या तालुक्याच्या मैदानावरचा कबड्डीपटू किंवा खो-खोची खेळाडू विसरून चालणार नाही. बोनस रेषेकडे पाय लांबवणारा चढाईपटू, पकडीत अडकून मध्यरेषेकडे झेपावणारा त्याचा देह, खो मिळताच बसल्या जागेवरून उसळणारी आणि खांबाजवळ झटक्यात वळणारी खेळाडू, यांच्या मांडीवरचा भार फुटबॉलपटूच्या भारापेक्षा वेगळा आहे. आपण ज्यांवर विसंबतो ते बहुतेक मोठे अभ्यास पुरुष फुटबॉलपटूंचे आहेत. त्यांतले दिवसांचे आकडे उचलून या खेळाडूंना लावणे आणखीच धोक्याचे. शरीररचना मात्र साऱ्यांची तीच आहे, आणि म्हणूनच जागा विचारणारी पद्धत सर्वत्र लागू पडते. जिथे एमआरआय दूर आणि महाग आहे तिथे नीट घेतलेली हकीकत, हातांनी केलेली काळजीपूर्वक तपासणी, गरजेनुसार एक्स-रे आणि प्रशिक्षित हातांची सोनोग्राफी यांनी बहुतेक प्रश्न सुटतात. हाडाजवळची खोल इजा, कंडरा सुटल्याची शंका, किंवा अपेक्षेप्रमाणे बरे न होणारे दुखणे यांसाठी एमआरआय राखून ठेवावा. हा नाइलाजाचा मार्ग नाही. साधने मुबलक असतानाही तपासणीचा विवेकी क्रम हाच असायला हवा.

दुखापत होऊच नये यासाठी काय करावे, हा या पुस्तकाचा मुख्य विषय नाही, पण त्याच्याशी असलेला संबंध नोंदवायला हवा. गुडघ्यांवर बसून, घोटे कुणीतरी धरून ठेवलेले असताना शरीर हळूहळू पुढे झुकू देण्याचा नॉर्डिक व्यायाम हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी करू शकतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. त्याला यंत्र लागत नाही, एक जोडीदार लागतो. लांब होत असताना जोर लावण्याची स्नायूची क्षमता तो वाढवतो, आणि दुखापत नेमकी त्याच अवस्थेत होते हे आपण शरीररचनेतून पाहिले. दुखापत झाल्यावर हजारो रुपये प्रतिमेवर खर्च करणारा संघ सरावात या व्यायामाला दहा मिनिटे देत नसेल, तर त्याच्या प्राधान्यक्रमातच दोष आहे.

या सर्व विवेचनातून रोजच्या कामासाठी काही अपेक्षा निघतात. तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरने किंवा फिजिओने चिठ्ठीवर केवळ मांडी दुखते असे लिहू नये. इजा कशी झाली, कधी झाली, बोट ठेवल्यावर कुठे दुखते, पूर्वी तिथे इजा झाली होती का, आणि कशाची शंका आहे, हे लिहावे. रेडिओलॉजिस्टने रिपोर्टमध्ये स्नायूचे नाव, त्याचा भाग, इजा बसण्याच्या हाडापासून किती अंतरावर आहे, कंडरेची अखंडता, साकळलेले रक्त आणि शेजारच्या नसेची स्थिती हे सांगावे. ग्रेड दिलाच तर कोणत्या पद्धतीचा हे नमूद करावे, आणि परतण्याचे दिवस लिहू नयेत. प्रशिक्षकाने तारीख मागण्याऐवजी पुढचा टप्पा कोणता आणि तो पार केल्याची खूण कोणती हे विचारावे. खेळाडूला त्याची प्रतिमा दाखवून समजावून सांगावी, कारण आपल्या शरीरात काय झाले ते कळलेला खेळाडू व्यायाम अधिक निष्ठेने करतो. आणि ती प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय बातम्यांत किंवा निवड समितीच्या चर्चेत फिरू नये, कारण ते शरीर त्याचे आहे. पुढची प्रकरणे वाचताना रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्याने शरीररचनेवर, फिजिओने दुखापतीच्या प्रकारांवर आणि प्रशिक्षकाने बरे होण्याच्या टप्प्यांवर अधिक थांबावे. एक सवय मात्र तिघांनीही लावून घ्यावी: प्रतिमा उघडण्याआधी आपला प्रश्न वाक्यात लिहून काढावा. प्रश्न जागेचा आणि ऊतीचा असेल तर उत्तर जवळपास नेहमी मिळेल. प्रश्न दिवसांचा असेल, तर खेळाडूकडे परत जावे आणि त्यालाच पुन्हा तपासावे.